पुरावा बारामतीचा, पुरावा श्रीलंकेचा; रुग्ण मात्र आपल्या शेतातला

(धामणगाव रेल्वे येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ ठेवून किरकोळ संपादन केले आहे.)



आपल्या भागात दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द आहे. दवाखान्यातून आणतो तेही औषध, आणि पऱ्हाटीवर मारतो तेही औषध. आज बोलायचं आहे ते दुसऱ्या औषधाची बाधा झालेल्या माणसाला पहिलं औषध कसं द्यायचं आणि ते कोण ठरवतं, याबद्दल. ‘पुराव्यावर आधारित वैद्यक’ आणि ‘मार्गदर्शक सूचना’, ज्यांना डॉक्टर मंडळी गाईडलाईन म्हणतात, हे शब्द ऐकले की वाटतं हा मोठ्या शहरातल्या परिषदांचा विषय आहे. धामणगावात त्याचं काय काम? काम आहे, आणि ते २०१७ साली आपल्या अगदी शेजारी दिसलं आहे.

यवतमाळला जाणारा माणूस मुंबई-हावडा मार्गावर धामणगावलाच उतरतो, तेव्हा यवतमाळचं दुःख हे परक्याचं नाही. त्या वर्षी जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत तिथल्या कापसाच्या शेतांत फवारणी करणारे शेकडो लोक आजारी पडले आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, बोंडअळी आवरत नव्हती, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती, आणि फवारा थेट तोंडावर येत होता. मेलेल्यांत कास्तकार होते, तसे रोजाने फवारायला गेलेले मजूरही होते. विक्रेते, कंपन्या, कृषी खातं, पंप यांवर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण एका प्रश्नाकडे कमी लक्ष गेलं. हा माणूस दवाखान्याच्या दारात पोचल्यावर त्याला नेमकं काय द्यायचं, हे आपल्याला खरंच माहीत आहे का?

उत्तर देण्याआधी थोडं विष समजून घेऊ. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस वगैरे, शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, बांधून टाकतात. नसांचा निरोप पोचवणारं एक रसायन हा विकर एरवी साफ करत असतो. तो बांधला गेला की ते रसायन साचतं. मग तोंडाला लाळ, छातीत पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद, स्नायूंची फडफड. माणूस दगावतो तो बहुतेक वेळा श्वास बंद पडून.

यावर दोन औषधं आहेत. पहिलं ॲट्रोपीन. ते साचलेल्या रसायनाचा परिणाम अडवतं, छाती कोरडी करतं, नाडी वर आणतं. दुसरं प्रालिडॉक्सिम, वॉर्डात त्याला सगळे ‘पॅम’ म्हणतात. ते बांधला गेलेला विकर सोडवतं, पण वेळेत दिलं तरच. काही काळानंतर गाठ इतकी पक्की होते की ती सुटत नाही. मोनोक्रोटोफॉस ज्या डायमिथाइल गटात मोडतं, त्यात बांधलेला निम्मा विकर साधारण पावणेचार तासांत कायमचा जातो. क्लोरपायरीफॉसच्या डायइथाइल गटात हाच काळ सुमारे ३३ तासांचा आहे. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

‘ॲट्रोपीन आणि पॅम’ ही जोडी वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत आणि वॉर्डाच्या भिंतीवरच्या तक्त्यांत एकाच ओळीत लिहिली जाते. जणू दोन्हींमागचा पुरावा सारखाच आहे. आमचा पहिला आक्षेप या एका ओळीवर आहे.

पॅमबद्दलचा एक महत्त्वाचा अभ्यास महाराष्ट्रातला आहे, बारामतीचा. कीर्ती पवार आणि सहकाऱ्यांनी तो केला आणि २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. मध्यम तीव्रतेची बाधा झालेले २०० रुग्ण घेतले. सगळ्यांना सुरुवातीला २ ग्रॅम पॅम दिलं. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून निम्म्यांना ४८ तास सतत, ताशी १ ग्रॅम, आणि उरलेल्यांना दर चार तासांनी १ ग्रॅम. सतत दिलेल्या गटात मृत्यू १ टक्का, दुसऱ्या गटात ८ टक्के. श्वासनलिकेत नळी घालावी लागली ती अनुक्रमे ६४ आणि ८८ टक्के रुग्णांना. जिल्ह्याच्या ठिकाणी नसलेल्या एका गावात, रोजच्या कामातून, जगाला दखल घ्यावी लागेल असा अभ्यास उभा राहिला. याचा अभिमान वाटायलाच हवा.

तीन वर्षांनी, २००९ साली, श्रीलंकेतून दुसरा अभ्यास आला. मायकेल एडलस्टन आणि सहकाऱ्यांचा. २३५ रुग्ण. अर्ध्यांना पॅम, अर्ध्यांना नुसतं सलाईन, आणि कोणाला काय दिलं ते डॉक्टरांनाही माहीत नाही. सुरुवातीला २ ग्रॅम, मग ताशी अर्धा ग्रॅम. पॅम मिळालेल्यांत मृत्यू २४.८ टक्के, सलाईनवाल्यांत १५.८ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, कारण ठरलेली रुग्णसंख्या पूर्ण होण्याच्या खूप आधी अभ्यास थांबला. पण फायदा झाला असं कुठूनही म्हणता येत नाही. विशेष म्हणजे पॅम मिळालेल्यांच्या रक्तातला विकर बऱ्यापैकी सुटला होता. चाचणी सुधारली, माणूस सुधारला नाही.

आता गाईडलाईन लिहिणाऱ्याने काय करायचं? बहुतेक जण दोनपैकी एक सोपा रस्ता धरतात. एक, आपल्याला पटणारा अभ्यास उचलायचा आणि दुसरा विसरायचा. दोन, दोन्हींची सरासरी काढून ‘पॅमचा विचार करावा’ असं मोघम वाक्य लिहायचं. वाईट म्हणजे दोन्ही रस्त्यांना ‘पुराव्यावर आधारित’ असं लेबल लावता येतं.

हे अभ्यास शेजारी शेजारी ठेवून वाचले की वेगळंच काही दिसतं. बारामतीच्या अभ्यासात पॅम विरुद्ध काहीच नाही अशी तुलना नव्हतीच. तुलना होती ती पॅम देण्याच्या दोन पद्धतींची. म्हणजे ‘बारामतीने पॅम सिद्ध केलं’ असं म्हणणं चूक आहे. फार तर इतकंच म्हणता येतं, की द्यायचंच असेल तर थांबून थांबून देण्यापेक्षा सतत आणि जास्त दिलेलं बरं ठरलं. तिथले रुग्ण लवकर पोचलेले होते, अतिदक्षतेची सोय हाताशी होती, आणि कोणत्या रुग्णाला काय दिलं हे उपचार करणाऱ्यांना माहीत होतं. श्रीलंकेत ताशी मात्रा निम्मी, रुग्ण जिल्हा रुग्णालयांतले, मृत्यूचं मूळ प्रमाणच कितीतरी जास्त. हे अभ्यास एकमेकांना खोटं पाडत नाहीत, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. २०११ साली कॉक्रेनच्या समीक्षकांनी असे सात अभ्यास तपासले आणि म्हटलं, पॅमने फायदा होतो की तोटा हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे. पण रात्री दोन वाजता खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला त्याने काय करायचं ते कळत नाही. पुराव्याचा सारांश आणि मार्गदर्शक सूचना यांत फरक आहे तो इथेच.

ॲट्रोपीनचं तसं नाही. त्याचा उपयोग होतो यावर वाद नाही. वाद आहे तो किती वेगाने द्यायचं यावर. बांगलादेशातल्या चितगावच्या अभ्यासात, २०१२ साली, १५६ रुग्ण होते. जुन्या पद्धतीने ठरावीक मात्रा पुन्हा पुन्हा दिलेल्यांत मृत्यू २२.५ टक्के. दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत, छाती कोरडी झाल्यावर सतत चालू ठेवलेल्यांत ८ टक्के. छाती कोरडी होऊन नाडी सावरायला जुन्या पद्धतीत सरासरी १५२ मिनिटं लागली, नव्या पद्धतीत २४. औषध तेच आणि स्वस्त. बदलली ती फक्त देण्याची रीत. आमच्या मते या विषयातला सगळ्यात उपयोगी आकडा हाच आहे. पण पॅमच्या वादाला जेवढी पानं मिळतात, तेवढी याला मिळत नाहीत.

आता या सगळ्या पुराव्याला २०१७ च्या यवतमाळसमोर उभं करा. तीन ठिकाणी सांधा जुळत नाही.

पहिलं, रुग्ण कोण. या अभ्यासांतले बहुसंख्य लोक विष प्यालेले होते. आपल्याकडे त्या वर्षी आले ते फवारताना कातडीतून आणि श्वासातून विष गेलेले. विष पिणाऱ्याला वेळ सांगता येते. फवारणाऱ्याला दिवसभर थोडं थोडं लागत राहतं, संध्याकाळी गरगरतं, रात्र घरी जाते, सकाळी दवाखाना. मोनोक्रोटोफॉस असेल तर बारा तासांनी सोडवण्याजोगा विकर जेमतेम दहावा हिस्सा उरलेला असतो. त्याला पॅम देऊन काय मिळणार, याचं उत्तर ना बारामतीत आहे, ना श्रीलंकेत.

दुसरं, विष कोणतं. त्या हंगामात नावं आली ती मोनोक्रोटोफॉसची, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनच्या मिश्रणाची, आणि डायफेन्थियुरॉनची. यातलं प्रोफेनोफॉस पॅमला फारशी दाद न देणाऱ्यांपैकी. सायपरमेथ्रिन आणि डायफेन्थियुरॉन तर ऑर्गॅनोफॉस्फरस नव्हेतच. डायफेन्थियुरॉनवर उतारा नाही. ॲट्रोपीनची लक्षणं नसताना केवळ ‘फवारणीची केस’ म्हणून ॲट्रोपीन देत राहिलं तर तोच माणूस ॲट्रोपीनने भ्रमिष्ट होतो. ‘विषबाधा’ असं एकच शीर्षक असलेला तक्ता इथे धोक्याचा आहे.

तिसरं, जागा कोणती. ज्या दवाखान्यात रात्री एक डॉक्टर आणि एक सिस्टर असते, व्हेंटिलेटर नसतो, कोलिनेस्टरेजची चाचणी होत नाही, तिथे अतिदक्षता विभागातला आकडा जसाच्या तसा लागू कसा होईल?

जगभर पुरावा तोलायची एक पद्धत आता रूढ आहे, ग्रेड नावाची. पुराव्याची खात्री चार पायऱ्यांत मोजायची, आणि शिफारस ठाम की सशर्त ते वेगळं सांगायचं. खात्री कमी करण्याची जी कारणं त्यात दिली आहेत त्यांतलं एक म्हणजे अप्रत्यक्षपणा. अभ्यासातला रुग्ण, उपचार किंवा जागा आपल्यापेक्षा वेगळी असेल तर खात्री एक पायरी खाली आणायची. यवतमाळच्या बाबतीत रुग्ण, विष आणि जागा, तिन्ही वेगळी. असं असताना जो तक्ता ‘पॅम द्यावे’ असं ठामपणे लिहितो तो पुराव्यावर उभा नाही. आणि जो ‘पॅम निरुपयोगी’ लिहितो तोही नाही.

आम्हाला उलट टोकाचाही मुद्दा मांडायचा आहे, कारण तिकडेही घसरण आहे. पुरावा नाही म्हणजे करू नये, असं नसतं. फवारणाऱ्या माणसाचे भिजलेले कपडे काढून साबणाने अंग धुवायचं, यावर कुणी चिठ्ठ्या टाकून अभ्यास केलेला नाही आणि करणारही नाही. तरी ते पहिलं काम आहे. याउलट जे कर्तव्य म्हणून केलं जातं, त्यातलं काही अभ्यासात टिकत नाही. श्रीलंकेतच साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर कोळशाच्या भुकटीचा अभ्यास झाला, २००८ साली छापून आला. मृत्यू कमी झाले नाहीत. ‘आमचा अनुभव आहे’ हे वाक्य म्हणूनच पुरत नाही. पण अनुभव पद्धतशीर लिहून ठेवला, तर त्यातूनच पुरावा उभा राहतो. महाडच्या बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरलं, नोंदी ठेवल्या, छापल्या, आणि २०११ साली ७० रुग्णांचा रीतसर अभ्यास ‘बीएमजे’त आणला: प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेले ९१ टक्के रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे, नुसत्या प्राझोसिनवर २३ टक्के. तो प्रश्न आणि तो रुग्ण दोन्ही कोकणातले होते. त्यामुळे उत्तर लागू करताना सांधा जुळवावा लागला नाही.

आता अंमलबजावणी. समिती बसते, पुस्तिका निघते, पीडीएफ येते, आणि काम झालं असं वाटतं. ‘मात्रा दर पाच मिनिटांनी दुप्पट करा’ हे वाक्य घेऊ. लिहायला सोपं. आपल्याकडे ॲट्रोपीनची नेहमीची काचेची कुपी ०.६ मिलिग्रॅमची. तीन मिलिग्रॅमने सुरुवात केली तर ५ कुप्या. पाच मिनिटांनी १०. मग २०. मग ४०. पंधरा मिनिटांत ७५ कुप्या. सगळ्यांना इतकी लागत नाही, पण ज्याला लागते त्याच्यासाठी एकटी सिस्टर पाऊण शेकडा काचा फोडत बसणार, सिरिंजमध्ये ओढणार, आणि मध्येच छाती तपासायला डॉक्टरला हाक मारणार. मोठ्या कुप्या मिळतात, पण त्या हंगामाआधी मागवून ठेवाव्या लागतात. त्या मागवायच्या कोणी? हे ज्या गाईडलाईनमध्ये लिहिलेलं नाही, ती अर्धी लिहिलेली आहे.

तसंच थांबायचं कुठे. जुनी शिकवण अशी, की बाहुल्या मोठ्या होईपर्यंत द्या. त्यात माणसाला ॲट्रोपीनचीच बाधा होते. आज पाहायचं ते असं: छाती साफ, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, काखा कोरड्या, बाहुल्या टाचणीएवढ्या नसाव्यात. यातल्या एकाही गोष्टीला प्रयोगशाळा लागत नाही. आणि चोवीस तासांनी माणूस बोलायला लागला, नातेवाईक खूश झाले, तरी त्याला घरी सोडायचं नाही. पहिल्या एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. त्याची आगाऊ खूण साधी आहे: उशीवरून मान उचलायला सांगा. उचलता येत नसेल तर तो धोक्यात आहे, आणि व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी त्याला आत्ताच हलवायचं, श्वास बंद पडल्यावर नाही. इथून अमरावती, यवतमाळ किंवा सेवाग्राम गाठायला किमान तासभर लागतो. तो तास या खुणेने मिळतो.

आयसीएमआरने २०१९ पासून उपचारांचे एकेका पानाचे तक्ते काढले आहेत. दिशा चांगली. एक पान, आणि रुग्ण वर केव्हा पाठवायचा हे त्यात असणं, याचं स्वागत करायला हवं. आमची तक्रार आहे ती अशा पानांच्या मागच्या खोलीबद्दल. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ साली विश्वासार्ह गाईडलाईनचे निकष दिले, त्यात रुग्णांचे प्रतिनिधी समितीत हवेत असं स्पष्ट म्हटलं आहे. आमचं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढे आहे. विषबाधेच्या समितीत ग्रामीण रुग्णालयातली रात्रपाळीची सिस्टर हवी, औषधांचा साठा सांभाळणारा माणूस हवा, आणि फवारणारा हवा. ‘कोणतं औषध मारलं’ असं विचारल्यावर तो डबा का आणत नाही, हे तोच सांगेल. डबा शेतमालकाकडे असतो, आणि मजुराला नाव माहीत नसतं. मग ‘विषाचं नाव विचारा’ ही सूचना बदलून ‘मालकाला फोन करा, लेबलचा फोटो मागवा’ अशी करावी लागेल. एवढ्या बदलाने ती सूचना वापरण्याजोगी होते.

आणि शेवटी मोजणं. रुग्ण किती वाजता आला, विष कोणतं, छाती किती मिनिटांत कोरडी झाली, किती ॲट्रोपीन लागलं, पुढे काय झालं. पाच रकाने. चितगावचे १५२ आणि २४ हे आकडे अशाच नोंदींतून आले. एका हंगामाची वही नीट भरली तर पुढच्या वर्षीचा तक्ता कुठल्या परदेशी अभ्यासावर नाही, आपल्या रुग्णांवर तपासून पाहता येईल. यवतमाळच्या त्या माणसांबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आलं. पण फवारणीतून बाधा झालेल्या माणसाला पॅमने काय होतं, या प्रश्नाला त्या हंगामातून ठाम उत्तर मिळालं नाही. पुन्हा असा हंगाम येऊ नये. पण आलाच तर निदान त्यातून काही शिकलं तरी पाहिजे.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं: “हे सगळं ठीक, पण पॅम द्यायचं की नाही, ते सांगा ना.”)

बरोबर आहे, हे टाळून चालणार नाही. आमचं मत असं. विष ऑर्गॅनोफॉस्फरस आहे याची खात्री आहे, लक्षणं गंभीर आहेत, रुग्ण पहिल्या काही तासांत आला आहे, आणि औषध सतत देऊन लक्ष ठेवायची सोय आहे, तर डॉक्टरने द्यावं, सावकाश द्यावं, आणि याची खात्री कमी आहे हे घरच्यांना सांगावं. यातलं काही नसेल तर सगळा जीव ॲट्रोपीन, प्राणवायू आणि वेळेवर हलवण्यात घालावा. बारामतीच्या पद्धतीने ४८ तासांचं पॅम म्हणजे एका रुग्णाला सुमारे ५० ग्रॅम. थांबून थांबून दिलं तर साधारण १४. जिथे साठा नाही, तिथे मध्यरात्री नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी दिली जाते आणि तो कुणाकडून तरी पैसे उसने घेऊन दुकानं शोधत फिरतो. तेवढ्या वेळात आत छाती भरत असते आणि ॲट्रोपीनची पुढची मात्रा राहून जाते. भिंतीवरच्या तक्त्यात ॲट्रोपीन आणि पॅम एका ओळीत नको, असं सुरुवातीला म्हटलं ते यासाठी. पहिल्या ओळीत ॲट्रोपीन, मोठ्या अक्षरात, मिनिटांसह. पॅम खाली, अटींसह. आणि तक्त्याच्या तळाशी तो कधी लिहिला आणि कधी पुन्हा तपासायचा, ती तारीख.